भंडाऱ्याची डबी

"हात कर पुढं," मी म्हणाले.

दिनकरनं उजवा हात पुढे केला. पितळी डबीचं झाकण काढून मी चिमूटभर भंडारा त्याच्या तळव्यावर ठेवला. त्यानं फाट्यावरच्या खंडोबाच्या देवळीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि रोजचे शब्द रोजच्याच चालीत म्हटले, "खंडोबाची आण, दारूचा थेंब पोटात न्हाई. येळकोट येळकोट जय मल्हार." मग थोडा भंडारा कपाळाला लावला, उरलेला जीपच्या बॉनेटवर उधळला आणि माझ्याकडे बघून हसला. तोंडात बडीशेप होती. त्याला बडीशेपेचा नादच होता.

"झालं समाधान? आता च्या दे, आक्का. आज भाचीचा पेपर हाय. मामाला जरा वेलची घालून दे."

सारिका टपरीच्या बाकड्यावर पॅड मांडीवर घेऊन बसली होती. बारावीचा पहिला पेपर, इंग्रजीचा. केंद्र तालुक्याला, घाट उतरून अठरा किलोमीटरवर. पेपर अकराला होता, आणि घड्याळात साडेआठ व्हायला आले होते. ओठ हलवत ती काहीतरी पाठ म्हणत होती आणि डाव्या हाताच्या बोटानं हवेत लिहीत होती. पोरगी डावखुरी. लहानपणी तिच्या त्या हातावर मी किती चापट्या मारल्या, उजव्या हातानं लिही म्हणून. शेवटी शाळेतले गुरुजीच म्हणाले, बाई, सोडा आता, अक्षर मोत्यासारखं आहे. मग मी नाद सोडला.

ही गोष्ट सोनगिरी फाट्यावरची. आता तिला बारा वर्षं झाली. फाट्यावर नऊ जीप होत्या. एसटी दिवसातून दोनदा यायची, तीही मनात आलं तर, त्यामुळे आजूबाजूच्या सात वाड्यांचा सगळा व्यवहार या वडापाच्या जीपवर चालायचा. नंबर ठरलेले असायचे. पहिल्या नंबरची गाडी भरली की निघायची, मग दुसरीत माणसं बसायची. नंबर मोडायचा नाही, हा नियम. आणि सकाळच्या पहिल्या खेपेआधी प्रत्येक ड्रायव्हरनं भंडारा उचलून आण घ्यायची, हा दुसरा. पहिला नियम त्यांचा होता. दुसरा माझा.

माझा नवरा वसंताही याच फाट्यावर जीप चालवायचा. एका सकाळी तो पिऊन निघाला आणि घाटातल्या तिसऱ्या वळणावर गाडीसकट खाली गेला. स्वतः गेला आणि सोबत दोघांना घेऊन गेला. मी टपरी टाकली तेव्हा गावातले लोक कीव करत माझ्याकडे चहा प्यायला यायचे, आणि त्या दोन घरांतली माणसं समोरून तोंड फिरवून जायची. दोन्ही बरोबरच होतं.

वर्षभरानं ड्रायव्हर लोकांची बैठक होती, तिथे मी कुणी बोलावलेलं नसताना जाऊन उभी राहिले. म्हणाले, तुम्ही पोलिसांना भीत नाही, त्यांचं तोंड कसं बंद करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. बायकोला तर भीतच नाही. तुम्ही फक्त खंडोबाला भिता. मग रोज सकाळी त्याचा भंडारा हातात घेऊन सांगा आणि मगच स्टिअरिंगला हात लावा. आधी सगळे हसले. मग कुणी हसेना. आमच्या भागात माणूस कोर्टात गीतेवर हात ठेवून खुशाल थापा मारील, पण भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती नाही. पिढ्यानपिढ्या भांडणं याच्यावरच मिटलेली.

प्रश्न आला डबी धरायची कुणी. एकजण म्हणाला, रांडमुंड बाईच्या हातात देवाचं ताट कशाला. तेव्हा दिनकर उठला. वसंताचा जिवाभावाचा सोबती. वसंता गेल्यावर माझ्या टपरीचा पत्रा त्यानंच आणला होता, चूल त्यानंच मांडली होती, आणि तेव्हापासून दर भाऊबीजेला माझ्या दारात यायचा. म्हणाला, "डबी आक्काच्याच हातात पायजे. तिच्यासमोर खोटं बोलायला कुणाची जीभ रेटंल?" झालं. डबी माझ्याकडे आली.

सहा वर्षं ती माझ्याकडे होती. या सहा वर्षांत तीन वेळा असं झालं की ड्रायव्हरनं हात पुढेच केला नाही, खाली मान घालून गाडी नंबरातून काढली आणि घरी जाऊन झोपला. मला त्या तिघांचा राग कधीच आला नाही. उलट अभिमान वाटायचा. माझा नियम चालतो, असं मी चारचौघांत सांगायची. बाजूच्या तालुक्यातले लोक बघायला आले होते.

तर त्या सकाळी दिनकरचा पहिला नंबर होता आणि सिकंदर मुलाणीचा दुसरा. सिकंदर मोजकं बोलणारा माणूस. तोही भंडारा उचलायचा, कुणी न सांगता, पहिल्या दिवसापासून. दिनकर चहाचा ग्लास घेऊन गाडीत माणसं कोंबायला गेला तसा सिकंदर माझ्या टपरीच्या मागच्या बाजूला आला.

"आक्का, पोरीला माज्या गाडीत बसव."

"का? तुझा नंबर दुसरा."

"मला ठावं हाय. मी गाडी भरायची वाट बगत न्हाई. तिला एकटीला घिऊन जातो. पर त्या गाडीत धाडू नगंस."

"काय झालंय त्या गाडीला?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "गाडीला न्हाई. दिनकर रात्री वाडीवर लग्नात होता. पाटंपर्यंत बसला हुता. आनि सकाळी उतारा म्हनून परत थोडी घेतलीया त्यानं."

"तू बघितलंस?"

"बगायला कशाला पायजे?"

मला संताप आला. आता सांगते तेव्हा लाज वाटते, पण तेव्हा मला खरोखर संताप आला. मी म्हणाले, "सिकंदर, त्यानं आत्ता माझ्यासमोर भंडारा उचललाय. तू काय भंडाऱ्यापेक्षा मोठा झालास? नंबर मोडून पॅसेंजर पळवायचे असतील तर सरळ सांग. दुसऱ्याच्या नावावर राळ कशाला उडवतोस?"

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि आपल्या गाडीची काच पुसायला गेला.

मी सारिकाला हाताला धरून पहिल्या गाडीपाशी नेलं. पुढच्या सीटवर दाराकडेला पांडूतात्या बसला होता, त्याला मी मागे बसायला लावलं. म्हणाले, तात्या, पोरीचा पेपर आहे, तिला वारं लागू दे. तात्या बिचारा हसत मागे गेला. तो चष्मा आणायला चालला होता. सारिका दाराकडेला बसली. बसताना तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं पेपरची धास्ती. मी तिच्या तोंडात दहीसाखर घातली.

"संभाळून ने रे," मी दिनकरला म्हणाले.

"आक्का, फुलासारकी नेतो," तो म्हणाला.

गाडी गेली. पाऊण तासानं घाटातून एक मोटरसायकलवाला वर आला आणि टपरीपाशी न थांबता सरळ सिकंदरकडे गेला. तेवढ्यावरून मला कळलं.

पाचव्या वळणावर जीप मोरीच्या कठड्याला घासत डाव्या अंगावर पडली होती. समोरून कुणी आलं नव्हतं, रस्त्यात दगड नव्हता, ब्रेक नीट होते. वळण आलं आणि माणसानं स्टिअरिंग वळवलंच नाही. पांडूतात्या जागेवर गेला. बाकीच्यांना कमी-जास्त लागलं. दिनकरचा पाय मोडला. सारिकाचा डावा हात दार आणि कठड्याच्या मध्ये सापडला.

तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला, तिथं दोन ऑपरेशनं. हात राहिला, पण नुसता राहिला. कोपराच्या खाली त्यात काही येत-जात नव्हतं. डॉक्टरांनी दिनकरच्या रक्ताचा कागद पोलिसांना दिला. त्यात दारू होती, थोडीथोडकी नव्हे. मी तो कागद बघितला नाही, मला सिकंदरनं सांगितलं. सांगताना त्यानं त्या सकाळचं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

मी विश्वास ठेवला नाही. खरंच नाही. मी म्हणाले, दवाखान्यात काहीतरी घोटाळा झालाय. त्यानं भंडारा उचलला होता. फाट्यावर दोन तट पडले. काही म्हणाले, खोटी आण घेतली म्हणून देवानं पाय मोडला. काही म्हणाले, मग पांडूतात्यानं कुठली आण घेतली होती? एकानं तर माझ्याच तोंडावर सांगितलं की विधवेच्या हातात दिल्यावर भंडाऱ्याचं सत्त्वच गेलं. मी दहा दिवस त्याच्यावर विचार करत होते, एवढी मी वेडी झाले होते.

अकराव्या दिवशी दिनकरची बायको मंगल दवाखान्यात आली. सारिका झोपली होती. मंगल कॉटपाशी आलीच नाही, जिन्याजवळ उभी राहून मला खूण केली. तिच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती.

"आक्का, हे तुमचं हाय. घरात ठिवायचं मला भ्या वाटतंय."

मी गाठ सोडली. आत भंडारा होता. पिवळाधमक, त्यात सुक्या खोबऱ्याचे तुकडे.

"हे कुठलं?"

"जेजुरीचं. चंपाषष्ठीला ह्यांनी आनलं ते."

मला काहीच कळेना. चंपाषष्ठीच्या आधी डबी रिकामी होत आली होती. दिनकर जेजुरीला निघाला होता, म्हणून मीच त्याच्याकडे डबी दिली होती, येताना भरून आण म्हणून. तो भरून घेऊन आला होता. मी देवळीपुढे नारळ फोडला होता.

"मग डबीत काय आहे?" मी विचारलं.

मंगल रडायला लागली. "माज्या सैपाकाच्या डब्यातली हळद. मीच वाटीनं काढून दिली, आक्का. मला म्हनले, आक्काच्या घरची हळद सपलीया. मला काय ठावं? मागनं बगितलं तर ही पुरचुंडी देवाऱ्यात."

चंपाषष्ठीपासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत. तीन महिने. तीन महिने नऊ ड्रायव्हरांच्या हातावर मी भाजीची हळद ठेवत होते, आणि ते डोळे मिटून खंडोबाला साक्षीला बोलावत होते. मीही रोज तीच कपाळाला लावत होते. आता आठवलं की डबीत खोबऱ्याचे तुकडे नव्हते. तेव्हा वाटलं होतं, चाळून आणला असेल.

दिनकर त्याच दवाखान्यात होता, खालच्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात. पाय वर टांगलेला, दारात पोलीस बसलेला. पोलिसानं मला अडवलं नाही, बहुतेक त्याला वाटलं बहीण आहे. मी पुरचुंडी त्याच्या छातीवर ठेवली.

त्यानं ती बघितली आणि डोळे मिटले.

"का केलंस?" मी म्हणाले.

"सुटत नव्हती, आक्का," तो म्हणाला. " सकाळी थोडी पोटात गेल्याबिगर हात थरथरायचं. घरी बसलो तर गाडीचा हप्ता कोन भरनार? तुला सांगितलं असतं तर तू गाडीला हात लावू दिला नसतास."

"नसताच लावू दिला."

"म्हनूनच."

"आणि हे?" मी पुरचुंडीवर बोट ठेवलं. "हे फेकून का नाही दिलंस?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते.

"भंडारा फेकू? आक्का, मी एवडा वाईट न्हाई. देवाऱ्यात ठेवला हुता. रोज उदबत्ती लावत हुतो. खऱ्या भंडाऱ्यावर मी कदी खोटं बोललो न्हाई, तुज्या गळ्याची आण. एकदा बी न्हाई."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला खरोखर वाटत होतं की यानं मला बरं वाटेल. देवाला त्यानं अगदी जपून बाजूला ठेवलं होतं, त्याला आच लागू दिली नव्हती. फसवायचं होतं ते फक्त मला. पांडूतात्याला. सारिकाला. आमची भीती त्याला कधीच वाटली नाही, कारण आम्ही काय, आपलीच माणसं.

"दर भाऊबीजेला ओवाळलं तुला," मी म्हणाले.

"आक्का..."

"पुन्हा आक्का म्हणू नकोस."

मी वर आले. आता सगळा दोष त्याच्यावर टाकून मला मोकळं होता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर जिना चढताना मी तेच करत होते. बरं वाटत होतं मला. माझा नियम खोटा नव्हता, माझे हात अशुभ नव्हते, मला फसवलं गेलं होतं. सारिका जागी झाली होती. तिला मी सगळं सांगितलं, जेजुरी, हळद, पुरचुंडी, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग प्लास्टरमधल्या हाताकडे बघत म्हणाली,

"आई, त्याच्या तोंडाला वास येत होता."

मी तिचं पांघरूण सारखं करायला लागले.

"मी गाडीत बसले तेव्हाच आला. बडीशेपेतूनसुद्धा आला. मी उतरणार होते. पण म्हटलं, आईनं आत्ताच त्याच्या हातावर भंडारा ठेवलाय. एवढ्या जवळ उभी होती ती. तिला आल्याशिवाय राहिला असेल का? म्हणजे मलाच भास होतोय." ती माझ्याकडे वळली. "तुला आला होता ना?"

आला होता. तळव्यावर भंडारा ठेवला तेव्हा माझं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. चौदा वर्षं मी वसंतासारख्या माणसाशी संसार केलेली बाई, तो वास मला झोपेतही ओळखता आला असता. माझ्या नाकानं सांगितलं होतं आणि मी नाकाला गप्प केलं होतं, कारण भंडारा खोटा पडला असता तर सहा वर्षं चारचौघांत मिरवलेला माझा नियम खोटा पडला असता. सिकंदरवर मी ओरडले ते म्हणूनच.

"हो," मी म्हणाले.

सारिकानं भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, पण पाणी दे, एवढंच.

घरी आल्यावर मी पुरचुंडी देवळीत खंडोबाच्या पायाशी ठेवली आणि डबी घासून फळीवर पालथी घातली. ड्रायव्हर लोकांना पुन्हा गोळा केलं. म्हणाले, देवाला आता मध्ये घ्यायचं नाही, त्याला त्याची कामं आहेत. रात्री गाडी लावली की किल्ली माझ्या टपरीवरच्या खिळ्याला लावायची. सकाळी येऊन माझ्यासमोर तोंड उघडायचं, श्वास सोडायचा, चार वाक्यं बोलायची. वास आला तर किल्ली खिळ्यावरच राहील आणि का राहिली ते मी सगळ्या पॅसेंजरांना मोठ्यानं सांगीन. आदल्या रात्री बसला असाल तर सकाळी येऊच नका, निरोप धाडा, तुमचा नंबर दुसऱ्या दिवशी कायम राहील. ही शेवटची गोष्ट सिकंदरनं सुचवली. नंबर जाईल या भीतीनंच माणसं येतात, म्हणाला. पहिल्या महिन्यात पाच निरोप आले.

सारिका पुढच्या वर्षी उजव्या हातानं पेपर लिहून पास झाली. अक्षर आता मोत्यासारखं नाही. तालुक्याला एका पतपेढीत कामाला आहे, रोज फाट्यावरून जाते-येते.

आणि गेल्या श्रावणात दिनकर आला. लांबलेल्या खटल्यानंतर शिक्षा भोगून, लंगडत. लायसन्स परत मिळालं होतं आणि एकाची जीप तो चालवणार होता. सकाळची वेळ, गाडीत सात-आठ माणसं बसलेली, सारिका माझ्या शेजारी उभी. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि तळव्यावर उलगडली.

"खरा हाय," तो म्हणाला. "काल जेजुरीसनं आनला. बगा, खोबरं बी हाय. ह्याच्यावर हात ठिवून सांगतो, पाच वर्सं झाली, थेंब न्हाई."

आक्का म्हणाला नाही. एवढं त्याच्या लक्षात होतं.

"मूठ मीट," मी म्हणाले. "तोंड उघड."

त्यानं मूठ मिटली आणि तोंड उघडलं. त्याचे डोळे भरून आले होते. मी जवळ गेले, चार वाक्यं बोलायला लावली, पुन्हा बोलायला लावली. वास नव्हता. नियम नियम आहे. मी खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्या दुसऱ्या हातात दिली.

"माफ केलंस?" त्यानं विचारलं.

"किल्ली दिली," मी म्हणाले.

सारिका पर्स खांद्याला लावून पुढे आली.

"आई, वास आला?"

"नाही."

"नक्की?"

"नाही आला, सारिका."

तिनं माझ्याकडे बघितलं, त्या सकाळी गाडीत बसताना बघितलं होतं तसंच. मग ती स्वतः दिनकरच्या समोर जाऊन उभी राहिली, अगदी वीतभर अंतरावर, आणि म्हणाली, "श्वास सोड, मामा." त्यानं सोडला. तिनं नाक पुढे करून सावकाश वास घेतला. मी तिला अडवलं नाही. मग ती त्याच्या जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.